आहेराची वही

वऱ्हाडातल्या खेड्यात लग्न लागत असताना दोन माणसे जागची हलत नाहीत. एक भट्टीवरचा आचारी, आणि दुसरा मांडवाच्या तोंडाशी सतरंजीवर आहेराची वही घेऊन बसलेला. अक्षर बरे, हिशेब पक्का आणि गावातल्या सोयरिकी तोंडपाठ, एवढीच या दुसऱ्याची पात्रता. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, खाली नाव, गाव आणि रक्कम. कोणाचे एकावन्न, कोणाचे एकशे एक, कोणाचे लुगडे, कोणाचा पितळी गंज. एकेकाळी पायलीभर ज्वारीही लिहिली जाई. मंगलाष्टके संपतात, पंगती उठतात, नवरी सासरी जाते, आणि वही घरातल्या पेटीत जपून ठेवली जाते. शेताच्या सातबाऱ्याइतकीच जपून.

कारण ती भेटींची यादी नसते, देण्याची असते. ज्याने एकावन्न लिहिले त्याच्या घरी कार्य निघाले की वही उघडायची, आकडा पाहायचा आणि तेवढेच, जमल्यास थोडे वाढवून, लिहून यायचे. व्याज नाही, तारण नाही, साक्षीदार नाहीत, मुदतही नाही. समोरच्याची पोर उजवेपर्यंत थांबायचे. पंजाबात याच व्यवहाराला न्योंद्रा म्हणत, आणि कोरियातल्या लग्नघरांच्या दाराशीही पाकिटे घेऊन नावे लिहिणारा माणूस बसतो. कोणत्याही बँकेने न काढलेली ही पतपेढी यवतमाळ जिल्ह्यात किती पिढ्या चालली ते सांगणे कठीण आहे. तिने निभावलेली लग्ने मात्र कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा जास्त असणार, यात शंका नको.

वहीला दोन खोडी होत्या. पहिली अशी की पैसा लग्नाच्या दिवशी हाती येतो आणि खर्च आधी करावा लागतो. बस्ता महिनाभर आधी बांधायचा, सोनाराला सुपारी फुटल्यावर लगेच सांगायचे, तेल-गुळाचे डबे आठवडाभर आधी आणायचे. मधल्या दिवसांसाठी हातउसने किंवा दुकानदाराची उधारी, आणि दुसऱ्या दिवशी आहेराच्या पैशांतून तिची फेड. हे गणित जमले तर लग्न उरकले. दुसरी खोड जास्त खोल होती. ज्याने कधी फारसे दिले नाही त्याला फारसे मिळतही नाही. ज्याच्याकडे शेत नाही त्याची वही बारीक, आणि बारीक वहीच्या घरातली पोरही बारीक मांडवातच उजवायची.

जिल्ह्यातल्या आदिवासींनी या अडचणीवर तोडगा काढलेला होता, आणि त्यात पैशाला जागाच नव्हती. वणी, केळापूर, राळेगावकडच्या गोंड समाजात मुलीच्या बापाने हुंडा देण्याची चाल नव्हती. उलट नवऱ्याकडच्यांनी देज द्यायचे आणि लग्नही बहुधा नवऱ्याच्या घरी लागायचे. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ सालच्या ग्रंथात लमसेनाची प्रथा नोंदलेली आहे. देज देण्याची ऐपत नसलेला मुलगा भावी सासऱ्याच्या घरी राहायला जाई, काही वर्षे त्याचे शेत नांगरी, गुरे राखी, लाकूडफाटा आणी, आणि ती मुदत भरली की त्याच घरी त्याचे लग्न लागे. तो ना गडी असे ना पुरता जावई. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याने लग्नाचा खर्च हप्त्यांनी फेडला, फक्त लग्नाआधी आणि घामाने.

याच ग्रंथात ‘दूध लौटाना’ हा शब्दही भेटतो. एका घराने मुलगी दिली की पुढच्या पिढीत तिची मुलगी त्या घरी परत यायची, म्हणजे गेलेले दूध घरी आले. आतेमामे भावंडांच्या लग्नात देजाचा आकडा आपोआप खाली येई, कारण नवरी परकी नसे. शेतकरी जातींतली साटेलोट्याची सोयरीकही त्याच जातकुळीतली: तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे, मांडव एकच, जेवण एकच. त्यात मुलींच्या मनाचा विचार किती होई हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो विचारायलाच हवा. एका घरात सून नांदली नाही की दुसऱ्या घरातली मुलगीही माहेरी परत यायची. कर्ज टाळण्याची किंमत अशा वेळी पोरी मोजत.

मग पैशाचे लग्न आले कुठून?

त्याचे एक उत्तर कापसात आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले. १८६७ साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. वणी या नावाचा जिल्हा १९०५ साली यवतमाळ झाला, पुसद तालुका वाशीमकडून इकडे आला, आणि त्याच सुमारास मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे धावू लागली. लोक तिला पुढे प्रेमाने शकुंतला म्हणू लागले, पण तिचे रूळ प्रवाशांसाठी नव्हे, कापसाच्या गाठींसाठी अंथरले होते.

ज्वारीच्या शेतकऱ्याकडे घरात धान्य असते, कापसाच्या शेतकऱ्याकडे वर्षातून काही महिने रोकड असते. हा फरक लग्नाच्या मांडवात लगेच दिसतो. पेवातली ज्वारी पंगतीला चालते, पण बस्त्याला आणि सोन्याला रोकड लागते. शिवाय कापसाचे आणि लग्नाचे पंचांग एकमेकांना जुळता जुळत नाही. वेचणी दिवाळीपासून सुरू होते आणि माघ-फाल्गुनात घरातला माल संपतो. लग्नसराई चैत्र, वैशाख, ज्येष्ठात. तिच्या शेपटाला लागूनच मृग येतो, आणि मृगाला बी हवे, बैल हवा, मजुरी हवी. वर्षातले सर्वांत मोठे दोन खर्च सहा-आठ आठवड्यांत येतात आणि ते येतात कापसाचा पैसा संपल्यावर. सावकार नेमका तेव्हा ओसरीवर बसलेला असे. त्याला लग्नाची तिथी आणि पेरणीची तिथी दोन्ही माहीत असत.

दोष कोणाचा, यावरचे भांडण मात्र दीडशे वर्षांचे आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, दस्तऐवज काढून जाळले, आणि हे लोण पुणे-नगर भागात पसरले. चौकशीला आयोग नेमला गेला. तोवर साहेबापासून शहरी पंडितापर्यंत सगळ्यांचे ठरलेले उत्तर होते की कुणबी लग्नात पैसे उधळतो आणि कर्जात बुडतो. आयोगाने ते मान्य केले नाही. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून नको तेवढे महत्त्व दिले गेले आहे, असेच त्याचे म्हणणे पडले: असा खर्च आयुष्यात मोजक्या वेळी होतो, आणि वर्षांवर वाटून पाहिला तर त्या ऐपतीच्या माणसाने सुखाच्या चार क्षणांवर करावा त्याहून तो फार नसतो. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. तो वऱ्हाडला लागू नव्हता, पण वाद सगळीकडे तोच होता.

जोतीराव फुले तर या आरोपावर चिडलेलेच होते. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लग्नातल्या उधळपट्टीने शेतकरी भिकेला लागतो असे सांगणाऱ्या शिकल्यासवरलेल्यांची त्यांनी झाडाझडती घेतली. मात्र खर्च कमी करण्याचे काम त्यांनी टाळले नाही. ते दुसऱ्या टोकाने केले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि २५ डिसेंबरला पुण्यात पहिले सत्यशोधक लग्न लागले. भटजी नाही, दक्षिणा नाही. वधूवरांनी सर्वांसमोर एकमेकांना वचन द्यायचे. यात वाचणारी रक्कम फार मोठी नसेल, पण लग्न लावून द्यायला कोणाचे हात ओले करावे लागत नाहीत, हे पहिल्यांदा मांडवात सिद्ध झाले. पुढे बौद्ध समाजाने विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन लग्ने लावायला सुरुवात केली, तेव्हा यवतमाळच्या गावागावांत साध्या लग्नाला दुसरे पक्के ठिकाण मिळाले.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात डेबूजी झिंगराजी जानोरकर नावाचा पोरगा मामाच्या शेतात वाढला. हे पुढचे गाडगेबाबा. बाप दारूने गेलेला आणि मामाची जमीन सावकाराच्या कागदांत अडकलेली. निरक्षर माणसाच्या अंगठ्याचे काय होते ते या मुलाने घरातच पाहिले. स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीतल्या रीतीप्रमाणे बोकड आणि दारू न देता त्याने गोड जेवण घातले, आणि त्यावर भावकीत चर्चा झाली ती झाली. १९०५ साली घर सोडल्यावर हातात खराटा आणि मडके घेऊन पन्नास वर्षे त्यांनी वऱ्हाडाची गावे झाडली आणि कीर्तने केली. ते प्रश्न विचारीत, लोक उत्तर देत. कर्ज काढता का, लग्नात काढता का, मग फेडता का, आणि फेडता फेडता जमीन कुठे जाते. उत्तर देणाऱ्याला आपल्याच तोंडून आपली कहाणी ऐकू येई. त्यांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न आणि तहानलेल्यांना पाणी यांच्या रांगेत गरीब तरुण-तरुणींचे लग्न हेही आहे. लग्न लावून देणे हे त्यांच्या लेखी अन्न-पाण्याइतकेच साधे आणि तितकेच तातडीचे काम होते. साधे म्हणजे कंजूष, असा अर्थ त्यांना कधीच नको होता.

तुकडोजी महाराज वऱ्हाडातलेच, अमरावतीजवळच्या यावलीचे. त्यांच्या ग्रामगीतेत वैवाहिक जीवनावर स्वतंत्र अध्याय आहे आणि खर्चिक लग्नाला विरोध आहे. पण त्यांचा खरा वारसा पुस्तकाबाहेर दिसतो. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या आणि सामुदायिक प्रार्थनेसाठी बसणाऱ्या माणसांना सामुदायिक लग्न ही कल्पना परकी वाटली नाही.

राज्यकर्त्यांनी दुसऱ्या बाजूने हात घातला. पंजाबराव देशमुख मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे मंत्री असताना, १९३३ साली कर्ज लवादाचा कायदा झाला. लवाद मंडळापुढे ऋणको आणि धनको समोरासमोर बसत, थकलेल्या व्याजाला कात्री लागे आणि उरलेल्या रकमेचे हप्ते पडत. जुनी कर्जे हलकी झाली. पण जो सावकार आज लवादासमोर पैसे सोडतो तो उद्या लग्नाला पैसे देताना दहादा विचार करतो. हे दुखणे अशा प्रत्येक कायद्याला चिकटलेले आहे. स्वातंत्र्यानंतर सहकारी सोसायट्या आल्या आणि त्यांनी पीककर्ज दिले. लग्नाला त्यांच्या कागदावर जागा नव्हती. पण पैशावर शिक्का नसतो. पीककर्ज मांडवात जाते आणि खत कृषी केंद्रातून उधारीवर येते, हे जिल्ह्यातल्या कोणत्याही सोसायटीच्या सचिवाला ठाऊक असते. कृषी केंद्रवाल्याला सावकार म्हणत नाहीत, एवढाच फरक.

१९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा लग्नाच्या तारखांना नवा मालक मिळाला: चुकारा. कापूस संकलन केंद्रावर दिला तरी पैसा टप्प्याटप्प्याने यायचा, कधी उशिराने. ‘चुकारा आला की सुपारी फोडू’ हे वाक्य त्या काळातल्या घराघरात ऐकू येई. व्यापाऱ्याकडून लगेच रोकड घेऊन कमी भाव सोसायचा, की सरकारचा भाव घेऊन लग्न पुढे ढकलायचे, असा तो पेच.

आणि मग १९ मार्च १९८६. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. शेतीचा न पेलणारा बोजा हेच त्यामागे होते. त्या घरात लग्न नव्हते. आजही दरवर्षी त्या तारखेला राज्यभर अनेक जण एक दिवस अन्न सोडतात. पुढच्या वीस वर्षांत यवतमाळचे नाव वर्तमानपत्रांत ज्या एका कारणाने येत राहिले, त्याचे मूळ शोधताना जुना आरोपही पुन्हा डोके वर काढू लागला: लग्नात खर्च करतात, मग कर्ज होणारच.

मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले श्रीजित मिश्रा यांनी २००६ च्या सुरुवातीला दिलेला अहवाल इथे उपयोगी पडतो. यवतमाळ, वर्धा आणि वाशीम या जिल्ह्यांतल्या १११ आत्महत्यांच्या घरी जाऊन केलेल्या या अभ्यासात सर्वाधिक ठिकाणी, दहापैकी जवळपास नऊ घरांत, कर्जबाजारीपणा आढळला. मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाचा भार सुमारे एक तृतीयांश घरांत आढळला. म्हणजे लग्न हे कारण नव्हतेच असे नाही. पण कर्जाचा डोंगर लग्नाने उभा केला असेही नाही. लग्न त्या डोंगरावर चढवलेला शेवटचा दगड होते. १८७५ च्या आयोगाला एवढे स्पष्ट आकडे मिळाले असते तर त्याने बहुधा हेच लिहिले असते.

डिसेंबर २००५ मध्ये राज्य सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी १,०७५ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात सामूहिक विवाहांसाठी मदत होती. एखाद्या कृषी पॅकेजात सिंचनाशेजारी लग्नाचा मथळा येणे ही घटना विचित्र वाटेल, पण जमिनीवरची परिस्थितीच तशी होती. त्यानंतरच्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्याच काळात या सहा जिल्ह्यांतल्या सतरा लाखांवर शेतकरी कुटुंबांची पाहणी झाली, तेव्हा तीन लाखांहून जास्त घरांनी मुलींच्या लग्नाची अडचण नोंदवली. सरकारी पाहणीच्या फॉर्मवर पीक, पाणी, कर्ज यांच्या खाली ‘मुलीचे लग्न’ असा रकाना असावा, हेच खूप काही सांगते.

पुढे शुभमंगल सामूहिक विवाह योजनेत शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींना १०,००० रुपये आणि लग्न लावणाऱ्या संस्थेला जोडप्यामागे २,००० रुपये असे अनुदान मिळू लागले. कोणी निबंधकाकडे जाऊन नोंदणी विवाह केला तरी मुलीच्या घरचे अनुदान लागू. तेव्हा त्या दहा हजारांत मंगळसूत्र आणि थोडे संसारसाहित्य होई. अर्थात खर्च वाचतो तो अनुदानाने नव्हे. एक मांडव, एक भट्टी, एक लाउडस्पीकर, एकाच मंगलाष्टकांत वीस-पंचवीस जोडप्यांवर अक्षता; वाचतो तो तिथे. जोडप्यांच्या पाठीशी पुठ्ठ्यावर क्रमांक लावलेले असतात, एखाद्या नवरदेवाच्या मामाला आपला क्रमांक सापडत नाही, बुंदीची पंगत संपतच नाही आणि व्यासपीठावरचे पाहुणे भाषण आवरत नाहीत. हे सगळे गमतीचे वाटले तरी तिथून घरी जाणाऱ्या मुलीच्या बापाच्या खांद्यावर बोजा नसतो.

तरीही गरिबांतला गरीबच बहुतेक तिथे जातो. पाच-सात एकरांचा शेतकरी सहसा जात नाही. त्याला चूलबंद आवतन द्यायचे असते, म्हणजे त्या दिवशी गावातली एकही चूल पेटू नये आणि साऱ्या गावाने त्याच्या मांडवात जेवावे. बाहेरून पाहणाऱ्याला ती उधळपट्टी वाटते. पण या माणसाने वीस वर्षे गावातल्या प्रत्येक लग्नात आहेर लिहिलेला असतो, आणि सामूहिक विवाहाच्या व्यासपीठासमोर त्याची वही कोणी उघडत नाही. तो मोठा मांडव घालतो तो निव्वळ मोठेपणासाठी नव्हे. पेरलेले परत यावे म्हणूनही घालतो. कर्जाशिवाय लग्नाचा सल्ला देणाऱ्या अनेक शहाण्यांच्या ध्यानात नेमकी हीच गोष्ट येत नाही.

त्यातच गेल्या तीन-चार दशकांत मांडवही बदलला. डहाळ्यांचा मांडव गावकऱ्यांनी मिळून घालायचा असे, त्याची मजुरी लागत नसे; आता मंगल कार्यालयाचे भाडे, डेकोरेशन, डीजे आणि व्हिडिओवाला आहे, आणि या चारांपैकी कोणालाही आहेराच्या वहीने पैसे देता येत नाहीत, कारण यांतल्या कोणाच्याच घरच्या लग्नात आपण कधी आहेर लिहिलेला नसतो. नात्यातली मदत जिथे चालायची ती कामे बाजारात गेली. देजाची जागा हुंड्याने घेतली ती बाजू वेगळी आणि जास्त कडू. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, पण हुंडा वहीत लिहायचाच नसतो, त्यामुळे तो पकडायचा कसा हा प्रश्न उरतोच.

२२ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून मात्र राज्यातल्या प्रत्येक मांडवाला एकच नियम लागू झाला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत लग्नाला पंचवीसच माणसे, वेळ दोन तास, मोडले तर पन्नास हजार दंड. आदल्या वर्षी ही मर्यादा पन्नास माणसांची होती. अंगणात लग्ने लागली, आचारी आला नाही, वरात निघाली नाही, आणि अनेक घरांत हिशेब काढल्यावर कळले की एवढ्यात भागते. दारव्ह्यापासून वणीपर्यंत लोक हे आजही हसत सांगतात. पण पंचवीस माणसांत वही घेऊन बसणाऱ्याला जागा नव्हती, आणि ज्यांच्याकडून येणे होते ते आपापल्या घरी बसून होते. कोणी फोनवर पैसे पाठवले, कोणी ‘बाप्पा, आता पुढच्याला देऊ’ म्हणाले. पुढचे म्हणजे धाकट्या मुलीचे. आणि पेटीतल्या वहीत मोठीच्या नावाची पाने कोरीच राहिली.